निरंक

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुका, आणि तिथला आकडा पाचशेच्या आतबाहेर. जून-जुलैत ढग आमच्या डोक्यावरून जातात, पण ते घाटावर हात मोकळे करून आलेले असतात. माझं आजोळ या पूर्वेच्या बाजूचं. तिथला भरवशाचा पाऊस परतीचा, उत्तरा-हस्ताचा. त्याच्यावर शाळू पेरायचा आणि वर्ष काढायचं. अशा गावात एका माणसाने पस्तीसेक वर्षं रोज सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजला. त्यातल्या बहुतेक सकाळी मोजायला काहीच नव्हतं.

त्या माणसाचं मी देणं लागते. ते पैशात होत नाही, म्हणून अजून फिटलेलं नाही.

नाना आमचे कोणी नात्यातले नव्हेत. आजोळच्या घराला लागून त्यांचं घर आणि त्या घराच्या पडवीत गावचं पोस्ट. तेव्हा खेड्यातलं पोस्ट असंच असे. पोस्टमास्तर गावातलाच, जागाही त्याचीच, पगार पुरता नाही आणि काम दिवसातले काही तास. एक टेबल, एक लोखंडी पेटी, भिंतीला लाल डबा. नाना पडवी उघडत आणि सगळ्यात आधी शिक्क्याची तारीख बदलत. चिमट्याने कालचा खिळा काढायचा, आजचा बसवायचा, शाईच्या गादीवर दाबून कोऱ्या कागदावर एक ठसा उठवायचा आणि तारीख नीट उठली का ते डोळ्यांजवळ धरून पाहायचं. 31 डिसेंबरला माझे मामा आणि त्यांचे मित्र शेकोटीभोवती बसून उद्यापासून काय काय सोडणार याच्या शपथा घेत. कोणी बिडी, कोणी पत्ते. सकाळी नाना तिघा-चौघांना पडवीसमोरूनच बिडी ओढत जाताना बघत, आणि शिक्क्यातला सालाचा खिळा बदलत. त्यांच्या लेखी नवं वर्ष तेवढंच होतं. त्या दिवशी दोन खिळे जास्त हाताळावे लागतात, एवढाच काय तो फरक.

पाऊस मोजायचं त्यांच्याकडे कसं आलं, ते त्यांनीच सांगितलेलं. 1972 च्या दुष्काळात ते खडी फोडायला होते. पुढे जो तो सांगे की त्या साली पाऊसच नव्हता. पण नव्हता म्हणजे किती नव्हता, आदल्या साली किती होता, हे गावात कोणालाच सांगता येईना. ओल किती बोटं गेली, ओढ्याला पाणी कुठवर आलं, एवढ्यावरच सगळा हिशेब. पुढे ऐंशीच्या दशकात कुठल्याशा योजनेत गावाला एक पर्जन्यमापक आला. सावली नको, भिंत जवळ नको, येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात लागायला नको, अशी जागा शोधताना नानांचं परसू ठरलं. योजना दोन-तीन वर्षांत गुंडाळली गेली. आकडे मागणारं पत्र यायचं बंद झालं. यंत्र न्यायला कोणी आलं नाही. नानांनी मोजणं थांबवलं नाही. कोणी थांबा म्हणालं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं.

यंत्र म्हणावं असं त्यात काही नाही. सिमेंटच्या ठोकळ्यात पुरलेलं पत्र्याचं नळकांडं, वर पाच इंच तोंडाचं नरसाळं, त्याची कड पितळेची, आत बाटली. जी. जे. सायमन्स नावाच्या इंग्रजाच्या नावाने ते ओळखलं जातं. या गृहस्थाने 1860 साली इंग्लंडात पाऊस मोजणाऱ्या 168 हौशी लोकांचे आकडे गोळा केले होते; तो 1900 साली गेला तेव्हा त्याला रोजची नोंद पाठवणारे तीन हजारांवर झाले होते. पाद्री, डॉक्टर, जमीनदार, शाळामास्तर. पगार कोणालाच नाही. नानांना यातलं काही ठाऊक नव्हतं, पण ते त्याच गोतातले.

मोजण्यात मात्र एक नजर लागते. बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतलं की काचेच्या कडेने ते थोडं वर चढतं. ती वरची रेघ वाचायची नाही, मधली खोलगट रेघ वाचायची, आणि त्यासाठी डोळा पाण्याच्या पातळीत आणायचा. नाना त्यासाठी उकिडवे बसत. मला लहानपणी वाटे, हे पाण्याला नमस्कार करतात की काय. देशभर सगळीकडे पाऊस साडेआठलाच मोजतात. कालच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंतचा जो काही असेल तो आजच्या तारखेला लिहायचा. नानांचं घड्याळ रेडिओवर लावलेलं असे, आणि पोस्ट उघडायच्या आधी परसात फेरी ठरलेली. चहा, परसू, पडवी, शिक्का. या ओळीत एकाची दुसऱ्याशी अशी गाठ मारलेली होती की ‘आज मोजायचं का’ हा विचार करायला मध्ये जागाच नव्हती.

मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्या मागे परसात जायची. आभाळ पितळेच्या परातीसारखं तापलेलं, जमिनीला भेगा. तरी नाना नरसाळं उचलणार, बाटली काढून उन्हात धरणार, पुन्हा ठेवणार, आणि आत येऊन वहीत तारीख घालून 0.0 लिहिणार. शेऱ्याच्या रकान्यात निरंक. मी विचारलं होतं की कोरडं ठणठणीत दिसतंय तर लिहायचं कशाला. म्हणाले, “आज काय पडलं न्हाई म्हून लिवायचं न्हाई व्हय? न पडल्याची बी नोंद असतीया, पोरी.”

तेव्हा ते मला म्हाताऱ्याचं खूळ वाटलं. एका सकाळी नरसाळ्याच्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर करायला घेतलेलं निघालं. नानांनी काडीने ते हलक्या हाताने काढलं, फुंकर मारली, नळीतून आरपार बघितलं. दोन दिवसांनी दुपारी वळीव कोसळला. गारा, वारा, पत्रे उडालेले, सगळं अर्ध्या तासात. ती नळी बुजलेली असती तर वर्षातला तो पहिला पाऊस नरसाळ्यातच साचून वाऱ्या-उन्हाने उडून गेला असता, आणि वहीत खोटं शून्य पडलं असतं. नानांनी हे मला समजावून वगैरे सांगितलं नाही. त्यांनी फक्त आकडा लिहिला आणि शेऱ्यात ‘वळीव, गारा’.

पोस्टात त्यांना गणिताची आवड जडली होती. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. म्हणजे एकराला चार हजार लिटरच्या वर. म्हणजे अडीच मिलिमीटर पडला तर एकरात दहा हजार लिटरचा एक टँकर उभा राहिला. हवामान खात्याच्या हिशेबातही अडीच मिलिमीटर पडला तरच तो ‘पावसाचा दिवस’. हे त्यांना फार पसंत होतं. पारावर कोणी ‘काल नुसती भुरभुर झाली’ म्हणालं की ते वहीत बघून सांगत, तुझ्या रानात तीन टँकर ओतलेत, पैसं दे.

आता माझ्याकडे येते.

मी पुण्यात नोकरी करते, आणि संकल्पांच्या बाबतीत पुणं हे उत्साही शहर आहे. एक जानेवारीला तळजाईवर गाडी लावायला जागा मिळत नाही. नवे बूट, नव्या बाटल्या, मनगटावर नवी घड्याळं. संक्रांतीचा तिळगूळ वाटून होईपर्यंत पुन्हा तेच जुने चेहरे उरतात, ज्यांनी कधी संकल्प केल्याचं कोणी ऐकलेलं नाही. मग पाडव्याला दुसरी लाट येते, ती आंब्याच्या पेट्यांपुढे टिकत नाही. मी या दोन्ही लाटांमध्ये नियमाने असायची. चाळिशी ओलांडल्यावर रक्तातली साखर वाढलेली निघाली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. तेव्हा हा हौसेचा मामला राहिला नाही.

सवय एकवीस दिवसांत लागते, असं मला तेव्हा चार जणांनी सांगितलं. या एकवीसचा उगम गमतीचा आहे. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचा अमेरिकन प्लास्टिक सर्जन होता. शस्त्रक्रियेनंतर माणसाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एकवीसेक दिवस लागतात, असं त्याला दिसलं आणि 1960 च्या पुस्तकात त्याने ते लिहिलं. नाकाचा हिशेब लोकांनी पायांना लावला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी पुढे 96 जणांवर खरंच हे तपासलं. एखादी गोष्ट आपोआप होऊ लागायला सरासरी 66 दिवस लागतात, पण कोणाला 18 पुरतात आणि कोणाला 254 लागू शकतात, असं त्यात निघालं. आणि मधला एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही, हेही निघालं. मला हे वाचताना सरासरीपेक्षा या शेवटच्या गोष्टीचं अप्रूप वाटलं, कारण माझ्या फोनमधलं ॲप नेमकं उलटं शिकवत होतं. ते सलग दिवसांची साखळी मोजायचं. एक दिवस चुकला की साखळी शून्यावर, आणि वर एक रडका चेहरा. साखळी तुटली की माझी सगळी हिंमत जायची. आता परत पहिल्यापासून? राहू दे, सोमवारी बघू.

नानांच्या वहीत साखळी हा प्रकार नव्हता. बेरीज होती. महिनाअखेरीला एक, 31 डिसेंबरला एक. वर्षाच्या बेरजेला पाऊस सलग पडला का तुटक पडला याच्याशी कर्तव्य नसतं. शून्यांनी ती कमी होत नाही. माणमध्ये वर्षातले तीनशेच्या वर दिवस शून्याचेच असतात, म्हणून काही कोणी त्याला पाऊस झालाच नाही असं म्हणत नाही. हे सगळं मला कुठल्या पुस्तकाने सुचवलं नाही. ॲपवर चिडून बसले होते आणि ती निळ्या पुठ्ठ्याची वही डोळ्यांसमोर आली.

मी तशीच वही आणली. तारीख, चाललेली मिनिटं, शेरा. चालले नाही तर शून्य आणि शेऱ्यात कारण. ‘पाहुणे’. ‘मीटिंग’. ‘आळस’. सुरुवातीच्या महिन्यांत शून्यं पुष्कळ होती, पण पानं कोरी नव्हती. शून्य लिहायलाही वही उघडावी लागते, पेन शोधावं लागतं, आणि काल-परवाचे आकडे नजरेला पडतातच. नाना रोज नळीतून आरपार का बघत, ते मला तेव्हा कळलं. नाव सोनुबाई आणि वही पंधरा रुपयांची, असं माझे यजमान म्हणाले. म्हणू देत.

नाना एकदाच पुण्याला आले, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. मोजपात्राची रेघ दिसेना, ही त्यांची तक्रार. बाकी दिसत नव्हतं त्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. आमच्याकडेच उतरले. पट्टी सुटल्यावर मी विचारलं, नाना, पुण्यात काय बघायचं? शनिवारवाडा, पर्वती, सारसबाग? म्हणाले, सिमला ऑफिस. हवामान खातं 1875 साली सुरू झालं, आणि 1928 मध्ये त्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं तरी शिवाजीनगरच्या त्या चौकाला पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात. रोज लाखभर लोक तिथून बसने जातात आणि त्यातल्या कोणाला त्या इमारतीचं काही वाटत नाही. नाना फाटकापाशी काळा चष्मा लावून उभे राहिले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “हितं मोजलं असंल आता.” आत जाऊ या म्हटलं तर नको म्हणाले. कामाच्या वेळी लोकांना कशाला.

नानांची बायको, आमची काकी, बरोबर आली नव्हती, कारण सप्टेंबर होता. नवऱ्याचं डोळ्याचं ऑपरेशन, आणि बायको पावसाला थांबली! माझ्या सासूबाईंना हे काही केल्या पटेना. शिवाय काकीला लिहिता-वाचता येत नाही, मग ती मोजणार काय, हा प्रश्न मलाही पडला होता.

नानांना सोडायला मी गावी गेले तेव्हा उत्तर मिळालं. स्वयंपाकघरातल्या फळीवर औषधाच्या धुतलेल्या बाटल्यांची रांग होती. काकी रोज साडेआठला यंत्रातलं पाणी एका बाटलीत ओते, घट्ट बूच लावी आणि फळीवर डावीकडून उजवीकडे क्रमाने ठेवी. नानांनी प्रवासाची पिशवीही खाली न ठेवता पहिली बाटली घेतली, मोजपात्रात ओतली, नव्या डोळ्याने रेघ वाचली. मग दुसरी. काही बाटल्यांत तळाला जेमतेम दोन थेंब. आणि मध्ये मध्ये रिकाम्या बाटल्या. त्यांनाही बूच लावलेलं. मी म्हटलं, काकी, ही रिकामी कशाला ठेवलीस? ती माझ्याकडे अशी बघायला लागली की शहरात राहून पोरीची बुद्धी गेली. “त्या दिवशी पडला न्हाई,” ती म्हणाली.

नानांनी त्या सगळ्या दिवसांचे आकडे वहीत चढवले आणि शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येक ओळीला ‘हस्ते घरून’ लिहिलं. पोस्टातली सवय. नंतर त्यांच्या जुन्या वह्या चाळताना असे ‘हस्ते घरून’ मला ठिकठिकाणी सापडले. पंढरीची वारी, लग्नकार्यं, साताऱ्याच्या खेपा, एकदा टायफॉइडचा जवळजवळ महिना. मी इतकी वर्षं ज्याला नानांचा नेम समजत होते तो दोघांचा होता. निम्म्याहून जास्त देणं माझं काकीकडेच निघतं.

काकीचे स्वतःचे नेम चातुर्मासातले. आषाढीला धरायचे, कार्तिकीला सोडायचे. एखाद्या साली वांगं सोडलं, एखाद्या साली रोज पिंपळाच्या पाराला पाच प्रदक्षिणा, एखाद्या साली फुलवाती. मी जन्मभर रोज चालणार आहे, असं तिला एकदा मोठ्या ऐटीत सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. “जन्माचा नेम कुणी धरतं व्हय गं? चार म्हयन्यांचा धरावा. सोडावा. वाटलं तर आखाडीला पुन्ना धरावा.” हे मी डॉक्टरांना सांगितलं. ते तीन-तीन महिन्यांनी साखरेची तपासणी करायला लावतात, कारण त्या तपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांचीच साखर दिसते, त्याआधीची नाही. म्हणाले, तुमच्या काकींचं बरोबर आहे, मीही कोणाला जन्माचं सांगत नाही, पुढच्या रिपोर्टपुरतंच सांगतो.

नानांच्या आकड्यांना अखेरीस गिऱ्हाईक मिळालं, हे सांगायला हवं. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेचे ते दिवस. 2018 साली माण तालुक्यातलंच टाकेवाडी राज्यात पहिलं आलं. सगळीकडे चर खणणं आणि बांध घालणं चालू होतं, आणि गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायचा तर गावात पाऊस किती पडतो हे लागतंच. पोरं वही मागायला आली. नानांनी वही दिली नाही, पाटावर बसवून त्यांच्याकडून नकलून घेतली, शून्यांसकट. पोरांना शून्यं नको होती. नाना हटून बसले. आता महसूल मंडळाच्या ठिकाणी महावेधचं स्वयंचलित हवामान केंद्र आहे, आकडे आपोआप जातात. चोवीस तासांत 65 मिलिमीटर झाला की अतिवृष्टी, आणि त्यावर पंचनामा. पण मंडळ म्हणजे दहा-पंधरा गावं. माणमधला पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो तर दुसऱ्यावर नाही. म्हणून गावात अजूनही ‘यंत्रात किती’ विचारल्यावर काही जण ‘कुठल्या यंत्रात’ असं उलट विचारतात.

नाना जाऊन काही वर्षं झाली. पर्जन्यमापक परसातच आहे. मोजपात्र आता नातू वाचतो, नववीत आहे, आणि त्याला मोबाइलचा गजर लागतो, कारण आजीच्या हाकेला तो गजर मानत नाही. काकी ऐंशीच्या पुढची. रविवारी तिचा फोन येतो. आधी आठवड्याचा पाऊस सांगते, नातू मागून आकडे पुरवत असतो. मग म्हणते, तुझं सांग. मी वही घेऊन बसलेली असते. सोमवार चाळीस, मंगळवार पस्तीस, असं वाचत जाते. गेल्या खेपेला मध्येच दोन-तीन शून्यं लागोपाठ आली. पलीकडून लगेच प्रश्न, शेरा काय लिवलाय?

“पाहुणे होते, काकी.”

“मग त्यास्नी न्यायचं की चालायला,” ती म्हणाली. “जेवून बसूनच ऱ्हायले व्हय तीन दिस?”